पाळण्यातला वरवंटा

रिकामा पाळणा हलवू नये हे कुणी कुणाला शिकवत नाही. उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, तसंच तेही आपोआप कळतं. म्हणून त्या दुपारी मी नळावरून घागर घेऊन दारात आले आणि माझी नणंद माझ्या बाळाच्या रिकाम्या पाळण्याला झोका देताना दिसली, तेव्हा मला घागर खाली ठेवायचंही सुचलं नाही. बाळ खाली गोधडीवर झोपलं होतं. वन्संनी पाळणा एकदा ओढून सोडून दिला होता आणि त्या समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसल्या होत्या. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"वन्सं," मी म्हटलं.

त्या दचकल्या. पाळणा हाताने थांबवला. "काही नाही वैनी. कडी करकरते का ते बघत होते."

कडी करकरत नव्हती. माझे सासरे गिरणीत मिस्त्री होते. घरात करकरणारी एक वस्तू त्यांना चालायची नाही. दर रविवारी तेलाची बुधली घेऊन ते दाराच्या बिजागऱ्यांपासून पाळण्याच्या कड्यांपर्यंत फिरायचे. म्हणजे वन्सं खोटं बोलल्या होत्या.

माझं पहिलं मूल माहेरी, सांगोल्याला, सव्वा महिन्याच्या आत गेलं होतं. का गेलं ते कुणाला सांगता आलं नाही. त्यामुळे हा दुसरा झाल्यापासून माझं लक्ष सारखं सगळ्यांच्या हातांकडे असायचं. कोण त्याला कसं उचलतं, कोण टाळूकडे बघतं, कोण बघून काय बोलतं. सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं, तरी गावात लोक अजून दबकत बोलायचे, अनोळखी माणूस दिसला की गप्प व्हायचे. माझं मन तर मुळातच तसलं. हे म्हणायचे, "तुला तुझ्या सावलीचाबी संशय येतो."

त्या दिवशी मी काही विचारलं नाही. बाळावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि वन्संवर नजर ठेवायला लागले.

वन्सं तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी पाचवीत होत्या, म्हणजे मॅट्रिकला अजून दोन वर्षं होती. आमच्या सुताराच्या जातीत इतकी शिकलेली मुलगी आसपास नव्हती. मामंजींनी शिकवलं, कारण गिरणीत इंग्रजी येणारी माणसं डोळ्यांदेखत वर चढताना त्यांनी पाहिली होती. मुलगा शिकून कारकून झाला, म्हणजे माझे हे, आणि मुलगीही शाळेत जात राहिली, कारण तिला कुणी थांबवलं नाही. पण लग्नाचं वय आलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "बघताय का न्हाय कुठं?" आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येकाला म्हणायच्या, "बघायचंच की आता."

नजर ठेवल्यावर गोष्टी दिसायला लागतात. तराजूतलं छटाकाचं माप जागेवर नसायचं, मग संध्याकाळी आपोआप परत यायचं. माझ्या परकराचा एक नाडा गेला. आणि एक दिवस वन्संची वळकटी उन्हात घालायला उचलली, तर तिच्याखाली एक लिंबू निघालं. लिंबाला काळा दोरा घट्ट बांधलेला. दोऱ्याला सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या.

दुसऱ्या कुणाला काय वाटलं असतं ते मला माहीत नाही. मला जे वाटायचं तेच वाटलं. मी ते लिंबू चिमट्यात धरलं, हात लावला नाही, आणि डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यावरच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकून आले. येताना मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी वन्सं सगळं घर धुंडाळत होत्या.

"वैनी, इथं एक लिंबू होतं."

"कसलं लिंबू?"

"सरबताचं."

"सरबताच्या लिंबाला दोरा लागतो व्हय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि दोघीही भाजी निवडायला लागलो.

त्यानंतर मी बाळाला सोडून नळावर जाणं बंद केलं. कडेवर बाळ आणि दुसऱ्या बाजूला घागर, असं किती दिवस चालणार? एक दिवस आत्याबाई ओरडल्या, "लेकराला उनाचं कशाला फिरवतीस? पोरगी हाय की घरात." मग मी बाळ ठेवलं, घागर घेतली, दाराबाहेर गेले आणि नळावर न जाता परसदाराने हळूच आत येऊन कणगीआड उभी राहिले.

वन्संनी बाळाला पाळण्यात घातलं. झोका दिला, सोडला, घड्याळाच्या टकटकीवर ओठ हलवत मोजत राहिल्या. मग बाळाला उचललं, गोधडीवर ठेवलं, तितक्याच अंतरावरून रिकामा पाळणा ओढला आणि सोडला. बाळ हसत होतं. त्याला तो खेळ वाटत असावा, आणि पहिल्यांदा होत नसावा.

मी बाहेर आले आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काय करताय माझ्या लेकराला? सांगा. देवाची आण घालून सांगा."

वन्सं आधी पांढऱ्या पडल्या. मग त्यांना माझं लिंबाचं वागणं उमगलं असावं, कारण त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून हसायला लागल्या. "वैनी, तुम्हाला करणी वाटली? अहो, माझं लिंबू! इतकं मोजून गाठी मारल्या होत्या!"

"हसू नका. सांगा."

त्यांनी सांगितलं. मुलांच्या हायस्कुलातले शास्त्राचे मास्तर दर शनिवारी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला यायचे. त्यांनी एकदा बोलता बोलता विचारलं होतं, दोरीला वजन टांगून सोडलं तर जड वजनाचा झोका लवकर परत येईल का हलक्याचा? वर्गातल्या सगळ्या मुली म्हणाल्या, जडाचा. मास्तर म्हणाले, करून बघा आणि मग मला सांगा. बाकीच्या मुली विसरल्या. वन्संनी घरी येऊन लिंबू टांगलं, छटाक टांगलं, शेवटी बाळ टांगलं.

"आणि काय झालं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"सारखंच येतं वैनी. बाळ असो, नसो. दोरी आखूड केली तरच लवकर येतं. मला खरं वाटेना, म्हणून सारखं सारखं करून बघत होते."

मलाही खरं वाटलं नाही. माझं बाळ अंगानं चांगलं होतं. ते पाळण्यात असलं काय, नसलं काय, पाळण्याला कळतच नाही, हे कसं पटावं? मला वाटलं, हे रचून सांगतायत.

"माझ्यासमोर करा," मी म्हटलं. "पण बाळ न्हाय घालायचं. आणि रिकामाबी हलवायचा न्हाय."

"मग काय हलवू?"

मी जरा विचार केला. बारशाला आम्ही वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून आणि वरून फिरवतो, आधी त्याला पाळण्यात निजवतो आणि मग बाळाला. म्हणजे पाळण्यात वरवंटा असला तर पाळणा रिकामा म्हणता येत नाही. मी पाट्यावरचा वरवंटा पुसला, बाळाचं जुनं टोपडं त्याला चढवलं आणि पाळण्यात निजवला.

वन्संनी टाळीच वाजवली. "वैनी, हे तर बेस्ट झालं! हा बाळापेक्षा वेगळ्या वजनाचा." मग त्यांनी मला घड्याळासमोर बसवलं. टकटक मी मोजायची, झोके त्यांनी. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्या म्हणाल्या. "दोरी तीच, ओढ तेवढीच, फक्त वजन वेगळं. म्हणजे फरक पडला तर कशाने पडला ते लपून राहत नाही." वरवंटा एकदा केला, मग वरवंट्याखाली जात्याचा वरचा दगड ठेवून केला. दोन्ही वेळा सारखंच आलं. मी उठून पाळण्याच्या कड्या बघितल्या, खाली वाकून बघितलं. कुठे काही केलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून वरवंटा दुपारी पाळण्यात आणि सकाळी पाट्यावर असायचा. टोपड्याला लसणाचा वास यायला लागला.

मग एकदा शेंगा फोडताना वन्संनी मला सगळं मनातलं सांगितलं. मास्तरांनी त्यांना विचारलं होतं, मॅट्रिकला शास्त्र घेशील का? मुलींच्या शाळेत ते शिकवतच नव्हते. तिथे आरोग्यशास्त्र, शिवण आणि चित्रकला. शास्त्र घ्यायचं तर जूनमध्ये मुलांच्या हायस्कुलात नाव घालावं लागणार होतं. तिथे काचेची भिंगं, लोहचुंबक, पारा, लंबक असलेली खोली होती. दोन वर्षं तिथे काढायची, मॅट्रिक व्हायचं, मग पुण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान घ्यायचं. आमच्या सोलापुरात तेव्हा सायन्सचं कॉलेज नव्हतं.

"आणि मग?"

"मग पुण्याला वेधशाळा आहे. तिथे वारा मोजतात, पाऊस मोजतात, हवेचं वजन करतात."

"हवेला वजन असतं?"

"असतं वैनी."

मी शेंग फोडली आणि दाणा न काढता तशीच सुपात टाकली. हवेचं वजन करणाऱ्या नोकरीला बाईला कोण घेणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. जूनमध्ये नाव घातलं गेलं नाही तर पुढचं सगळंच बंद, एवढं मला कळलं. मागून ते जोडता येत नव्हतं.

आता मला मास्तरांचा संशय यायला लागला. परक्याच्या पोरीसाठी हा माणूस एवढी धडपड का करतो? घरात लग्नाचा पुतण्या-भाचा असणार. ते एका रविवारी मामंजींशी बोलायला आले, तेव्हा वन्संना शेजारी घेऊन मी पडद्याआडून सगळं ऐकलं. कोटाच्या कोपराला ठिगळ, बोटांना खडू. चहा बशीत ओतून प्यायले. पुतण्याचं नाव नाही, भाच्याचं नाव नाही. फक्त शास्त्र, शास्त्र आणि शास्त्र. "तुमच्या मुलीला प्रश्न पडतात मिस्त्री. उत्तरं पाठ करणारी पोरं माझ्याकडे ढीगभर आहेत. प्रश्न पडणारी फारशी नाहीत."

आणि मामंजी लगेच म्हणाले, "शिकू दे की. आमची काय ना न्हाय."

वन्संचा हात माझ्या हातात होता. तो एकदम गरम झाला. माझा मात्र गारच राहिला.

मामंजी मंगळवारच्या बाजारात एकेक वांगं दाबून घेणारा माणूस. पाट विकत घेताना तो चारही बाजूंनी ठोकून बघणार, उलटा करणार, मग "उद्या येतो" म्हणून परत येणार. त्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला एका दमात हो म्हटलं नव्हतं. मुलीला मुलांच्या शाळेत घालायला ते चहा संपायच्या आत हो कसे म्हणाले?

मास्तर गेल्यावर मामंजी वन्संना म्हणाले, "आता सुटी लागंल. मोडनिंबला आत्याकडं जाऊन ये. पंधरा दिस राहा, हवा पालट हुईल. जूनमदी बघू साळंचं."

वन्सं त्या रात्री जेवताना गात होत्या.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पण दोन दिवसांनी आत्याबाईंनी रवा-मैदा भिजवला, मला आणि शेजारणीला समोर बसवलं आणि वळवट करायला घेतलं. गव्हले, नखुले, मालत्या, बोटव्या, शंखुल्या. चिमटीत कणकेचा कण घेऊन बोटांवर वळायचा, फार नाजूक काम. त्यातलं थोडं हळदीत रंगवलं, थोडं तांबडं केलं.

मी ह्या घरात आल्यापासून उन्हाळ्यात फक्त शेवया आणि कुरडया झाल्या होत्या. पाच परींचं वळवट, तेही रंगीत, हे फक्त रुखवतात लागतं.

"आत्याबाई, ह्ये कशाला?" मी विचारलं.

"सणासुदीला लागतं की."

शेजारीण खाली बघून गव्हले वळत राहिली. ती एरवी मिनिटभर गप्प बसणारी बाई नव्हती.

दुपारी मी वन्संना परसात गाठलं. "मोडनिंबला जाऊ नका."

"का?"

"तिकडं तुमचं लग्न ठरलंय. तिकडं नेऊन उरकणार."

वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत मला लिंबू दिसलं. "वैनी, आबा माझ्याशी खोटं बोलणार नाहीत. तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो. आधी माझा आला. मग मास्तरांचा आला. आता आबांचा."

"वळवट बघा की घरात."

"वळवट आहे तर आहे. त्यावरून काय ठरतं? तुम्ही आधी ठरवता आणि मग पुरावा हुडकता. हे उलटं आहे."

मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. लिंबाच्या वेळी मी तेच केलं होतं. मी पाट्यापुढं बसले आणि चटणी वाटता वाटता, वरवंटा हातात असताना, मला त्यांचंच बोलणं आठवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मी वन्संना म्हटलं, "करून बघू या. आज आईकडं शेवयांची खीर मागा. उद्या गव्हल्यांची मागा. दूध तेच, गूळ तोच, चूल तीच."

त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "आणि दोन्हीला हो म्हणाली तर?"

"तर मी पुन्हा तुमच्या आबांबद्दल तोंड उघडणार न्हाय."

शेवयांची खीर मागितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "कर की, डब्यात हाईत. मलाबी वाईच ठेव." दुसऱ्या दिवशी वन्सं डब्याकडे हात नेत म्हणाल्या, "आई, आज गव्हल्यांची करते गं."

"अगं ए! हात लावू नगंस त्याला!" आत्याबाई चुलीपुढून उठल्या त्या तशाच धावल्या. "शिवायचं न्हाय ते!"

"का? खायलाच केलंय ना?"

"सणाला केलंय."

"कुठल्या सणाला?"

"यील की. तुला कशाला पायजे पंचाइती? शेवया खा की, काल खाल्ल्यास तशा."

"काल चाललं, मग आज का नाही?"

आत्याबाईंनी डबा उचलून फडताळात वर ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. मुलीकडे बघितलं नाही. वन्सं माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, माझा संशय ह्या वेळीही खोटा निघाला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर मामंजी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. वन्संनी ताट वाढलं आणि ताटासमोर उभ्या राहिल्या.

"आबा, मोडनिंबला मला बघायला कोण येणार आहे?"

मामंजींचा घास हातात राहिला. "कोन म्हनलं?"

आत्याबाईंची नजर आतल्या दाराकडे गेली. मी दाराआड होते. लग्न झाल्यापासून मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. बोलायची पद्धत नव्हती, आणि पद्धत असती तरी मला जमलं नसतं. पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "मी."

"सूनबाई?"

"वळवट पाच परींचं हाय." एवढंच मला बोलता आलं.

मग मामंजींनी घास ताटात परत ठेवला. "पोरगा चांगला हाय. सरकारी बांधकामावर हाय. मी कुटं वाईट करतोय? शिक म्हनलं ते खोटं न्हवतं. नवऱ्याघरी शिकंल."

"मोडनिंबला शास्त्र शिकवतात का आबा?"

"शास्त्र, शास्त्र! काय हाय त्या शास्त्रात? दोन वर्सं पोरांच्या साळंत बसून काय कळनार हाय तुला, जे मला गिरणीत कळलं न्हाय?"

वन्संनी पाळण्याकडे बघितलं. बाळ माझ्याजवळ होतं, पाळण्यात वरवंटा होता. "आबा, पाळणा जड केला तर झोका लवकर परत येईल का उशिरा?"

"लवकर. पोरकटासारखं काय इचारतीस."

"बघा."

वन्संनी झोका दिला, मामंजींनी आधी बसूनच बघितलं. मग उठले. उष्ट्या हातानेच. वरवंट्याशेजारी आपला घण ठेवला, पुन्हा झोका दिला, घड्याळाकडे कान लावला. घण काढून पेटीतला लोखंडी ठोकळा ठेवला. कड्या तपासल्या, मी तपासल्या होत्या तशाच. शेवटी दोरीला एक पीळ देऊन ती आखूड केली आणि झोका लवकर आलेला बघून म्हणाले, "आं?" ताटातली भाकरी वाळून गेली होती.

"ह्ये असं का?" त्यांनी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "तेच शिकायचंय."

मामंजी हात धुवून आले. वरवंट्याचं टोपडं त्यांना तेव्हा कुठे दिसलं. "ह्याला टोपडं कुनी घातलं?" आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. ते हसले नाहीत. घोंगडीवर टेकले आणि म्हणाले, "मॅट्रिक हू दे. मोडनिंबला कळवतो तसं. जूनमदी घालू नाव."

वन्संनी त्यांचे पाय धरले. हे कामावरून आले, त्यांनाही सांगून झालं. सगळं घर हलकं झालं. मी मात्र स्वयंपाकघरात बसून विचार करत होते. मागच्या वेळीही हेच बोलणं होतं. जूनमदी बघू, जूनमदी घालू. पोरीचं रडणं थांबवायला बाप काहीही बोलतो. फडताळात वर डबे तसेच होते. रुखवत तयार असलं की लग्न केव्हाही उभं राहतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई सकाळीच सिद्धेश्वराला गेल्या. मी फडताळातून पाचही डबे खाली काढले, मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि सगळं वळवट, पांढरं, पिवळं, तांबडं, एकदम उकळत्या दुधात घातलं. दूध पुरेना, म्हणून पाणी घातलं. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"वैनी! मारतील तुम्हाला."

"बघू," मी म्हटलं. "करून बघितल्याशिवाय कळत न्हाय."

आत्याबाई परत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे बाई! सगळं? किती बोटं मोडली माझी!" पण पातेलं उतरवलं नाही त्यांनी. बराच वेळ ते ढवळत उभ्या राहिल्या, मग आपल्या हातानेच वेलदोडा घातला. त्यांच्या मनात काय होतं ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुपारच्या सुट्टीत मामंजी जेवायला आले. मी वाटी भरली, वन्संनी ती त्यांच्या ताटात ठेवली. मी दाराआड उभी राहून फटीतून बघत होते. खीर लालसर झाली होती आणि तिच्यात गव्हले, नखुले, मालत्या, सगळं फुगून वर आलं होतं. त्यांनी वाटी हातात घेतली. बोटाने एक शंखुली बाजूला केली, निरखून बघितली. मग फडताळाकडे बघितलं. मग दाराच्या फटीकडे बघितलं, अगदी माझ्या डोळ्यांत. मी मागं सरले नाही.

त्यांनी वाटी ठेवली असती, तर मोडनिंब अजून मनात आहे हे मला कळलं असतं.

त्यांनी वाटी तोंडाला लावली. भुरका मारला, चावलं, गिळलं. "गूळ कमी पडलाय," ते म्हणाले आणि वाटी पुढे केली.

मी गूळ घालून दुसरी वाटी दिली. तीही त्यांनी बोटाने पुसून खाल्ली. तेव्हा मी मानलं.

जूनमध्ये वन्सं मुलांच्या हायस्कुलात गेल्या. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत मी गेले होते, कारण तिथल्या शिपायाची नजर मला बरी वाटली नव्हती. वाटेत त्यांनी विचारलं, "वैनी, अजून कुणाचा संशय येतोय?"

"हवेचा," मी म्हटलं. "तिला वजन असतं म्हणे."

त्या हसत हसत आत गेल्या. मी घरी येऊन वरवंट्याचं टोपडं काढलं, तो धुतला आणि चटणी वाटायला बसले.